फातिमाच्या पोरांनी नरक बघितला म्हणजे नेमकं काय बघितलं?

आमच्या वसईच्या घरी अजून संध्याकाळची रोझरी, म्हणजे मरियेची जपमाळ, चुकत नाही. आठ वाजले की टीव्ही बंद, मोबाईल सगळे फ्रिजवर, ऑल्टरसमोर मेणबत्ती, आणि मग दहा-दहा नमो मरिया झाल्या की मध्ये एक छोटी प्रार्थना येते, त्यात येशूला म्हणायचं की आमच्या पापांची क्षमा कर, नरकाच्या आगीपासून आम्हाला वाचव, सगळ्या आत्म्यांना स्वर्गात ने आणि ज्यांना तुझ्या दयेची जास्त गरज आहे त्यांना तर नेच. ही प्रार्थना आम्ही इतक्या वर्षांपासून म्हणतोय की ती तोंडातून आपोआप बाहेर पडते, लक्षही जात नाही. पण परवा माझ्या भावाची मुलगी, सहा वर्षांची, पहिलीत आहे, तिने मध्येच माझा ड्रेस ओढला आणि विचारलं, "आत्या, ती आग कोणी बघितलीय का?"

आजीने डोळे वटारले, प्रार्थनेत बोलायचं नसतं म्हणून. ती गप्प झाली पण मी अडकले. कारण उत्तर हो असं आहे. ही प्रार्थना आली कुठून, तर ज्यांनी आग बघितली असं सांगितलं त्या फातिमा नावाच्या गावातल्या तीन पोरांकडून, आणि त्यातली सगळ्यात लहान मुलगी आमच्या हिच्यापेक्षा फक्त एक वर्षाने मोठी होती. सहा वर्षांच्या मुलीला हे कसं सांगायचं ते मला सुचेना, म्हणून आधी मोठ्यांसाठी लिहून बघते.

मुंबई-ठाण्याकडे फातिमा नावाची चर्च आहेत, शाळा आहेत, आणि ओळखीचे लोक नेहमी विचारतात की ख्रिश्चनांच्या शाळेला हे नाव कसं काय. फातिमा हे पोर्तुगालमधलं गाव, लिस्बनच्या उत्तरेला, तिकडे कधीकाळी अरबांचं राज्य होतं त्याची खूण म्हणून ते नाव राहिलं. तिथल्या अल्जुस्त्रेल नावाच्या वाडीत लुसिया राहायची, १९१७ मध्ये ती दहा वर्षांची, आणि तिची आतेभावंडं फ्रान्सिस्को आणि जसिंता मार्तो, तो आठ-नऊचा, ती सात वर्षांची. तिघंही मेंढरं राखायची. शाळा नाही, लिहिता-वाचता येत नाही. देशात १९१० साली राजेशाही गेलेली, नवं सरकार चर्चच्या विरोधात, त्यात पहिलं महायुद्ध चालू आणि पोर्तुगालची पोरं फ्रान्समध्ये लढायला गेलेली. घराघरात काळजी होती, आणि मुलांना काही सांगत नसले तरी घरातली काळजी मुलांना कळतेच.

१३ मे १९१७ ला कोव्हा दा इरिया नावाच्या खोलगट माळावर, एका छोट्या ओकच्या झाडावर त्यांना एक स्त्री दिसली, पांढरी, सूर्यापेक्षा तेजस्वी. भाविक मानतात की ती येशूची आई मरिया. लुसियाने विचारलं तुम्ही कुठून आलात, तर उत्तर आलं स्वर्गातून. मग पुढचे प्रश्न बघा, अगदी लहान मुलांचे आहेत. मी स्वर्गात जाईन का? जसिंता जाईल का? फ्रान्सिस्को? तो जाईल पण त्याने खूप रोझरी म्हणायला हवी असं उत्तर मिळालं. नंतर लुसियाने गावातल्या दोन मुलींबद्दल विचारलं, नुकत्याच वारलेल्या, तिच्या घरी विणकाम शिकायला यायच्या त्या. एक स्वर्गात आहे, दुसरी जगाच्या अंतापर्यंत शुद्धिस्थानात राहील. शुद्धिस्थान म्हणजे कॅथलिक श्रद्धेप्रमाणे स्वर्गात जायच्या आधी आत्मा शुद्ध होतो ती अवस्था. हे वाक्य वाचलं की माझ्या पोटात दरवेळी गोळा येतो, कारण ती मुलगी विशीतलीही नीट नव्हती, तिची आई त्याच गावात राहत असेल.

कोणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं. जसिंताच्या पोटात ते राहिलं नाही, त्याच संध्याकाळी तिने आईला सांगून टाकलं. सात वर्षांचं मूल, दुसरं काय करणार.

मग १३ जुलै. तिसरं दर्शन. लुसियाने पुढे लिहिलंय त्याप्रमाणे त्या स्त्रीने हात उघडले, हातातून प्रकाश निघाला आणि जमीन भेदून खाली गेला, आणि खाली आगीचा समुद्र दिसला. त्यात माणसांच्या आकाराचे आत्मे, आरपार दिसणाऱ्या निखाऱ्यांसारखे, काळे नाहीतर तांबूस, आगीच्या लोटांबरोबर वर फेकले जातायत आणि ठिणग्यांसारखे परत खाली पडतायत, वजन नसल्यासारखे. किंकाळ्या. आणि भुतं, म्हणजे सैतानाचे दूत, कधी न बघितलेल्या भयंकर जनावरांच्या रूपात, तीही काळी आणि आरपार. हे सगळं क्षणभर टिकलं. आधी स्वर्गात नेण्याचं वचन मिळालं होतं म्हणून, नाहीतर भीतीनेच मेलो असतो असंही ती सांगते. त्याच दिवशी त्यांना ती छोटी प्रार्थना शिकवली गेली, जी आम्ही वसईत रोज म्हणतो.

आता इथे एक गोष्ट नीट धरून ठेवायला हवी. आपल्याकडे हे वर्णन आलंय ते १९१७ चं नाही. मुलांनी तेव्हा एवढंच सांगितलं की आम्हाला एक गुपित सांगितलंय, ते आम्ही कोणाला सांगणार नाही. नरकाचं हे वर्णन लुसियाने कागदावर उतरवलं ३१ ऑगस्ट १९४१ ला, चोवीस वर्षांनी, तेव्हा ती चौतीस वर्षांची नन होती. फ्रान्सिस्को आणि जसिंता तोवर कधीच गेले होते. त्यामुळे आपण जे वाचतो ते दहा वर्षांच्या मुलीच्या अनुभवाबद्दल एका प्रौढ बाईची आठवण आहे. खोटं आहे असं मी म्हणत नाही, मी स्वतः ही प्रार्थना मनापासून म्हणते, पण दोन्हींत फरक आहे आणि तो लपवून ठेवण्यात काही भक्ती नाही. १३ ऑक्टोबरला हजारो लोकांच्या गर्दीसमोर शेवटचं दर्शन झालं, त्यानंतर लुसियाने सांगितलं की युद्ध आजच संपतंय, आणि युद्ध संपायला त्यानंतर वर्षाहून जास्त लागलं. मुलं ऐकतात, बघतात, आणि सांगताना काहीतरी इकडचं तिकडे होतं, हे फातिमाच्या बाबतीतही झालं.

मला स्वतःला या सगळ्यात सगळ्यात जवळचा वाटतो तो एक साधा प्रसंग, लुसियाच्याच आठवणींतला. जसिंता एका दगडावर विचार करत बसलीये. खेळत नाही. लुसिया विचारते काय झालं, तर ती म्हणते त्या बाई म्हणाल्या की खूप आत्मे नरकात जातात, पण नरक म्हणजे काय गं? आणि लुसिया तिला समजावते की तो एक मोठा खोल खड्डा असतो, त्यात जंगली जनावरं असतात आणि प्रचंड आग असते, पाप करून कन्फेशन न केलेले लोक तिथे जातात आणि जळत राहतात. मग जसिंताचे प्रश्न सुरू. तिथून परत येता येत नाही? नाही. खूप खूप वर्षांनी पण नाही? नाही, नरक संपत नाही. आणि स्वर्ग? स्वर्ग पण संपत नाही. पुढे कितीतरी दिवस ती खेळ मध्येच थांबवून हेच विचारायची, म्हणजे कधीच नाही? कधीच कधीच?

ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांना हा आवाज ओळखीचा वाटेल. "कधीच" या शब्दाचा अर्थ मुलांना एका दिवसात कळत नाही, ती त्याला पुन्हा पुन्हा हात लावून बघतात.

पण त्या उत्तरात अजून एक गोष्ट आहे. खड्डा, जनावरं, आग, हे वर्णन लुसिया कुठून देते? ती स्वतःच सांगते की आई आम्हाला असं समजावायची. तिची आई मारिया रोझा गावात वाचता येणाऱ्या थोड्या बायकांपैकी होती, स्वतःच्या आणि शेजारच्या मुलांना धर्मशिक्षण द्यायची. शिवाय पोर्तुगालच्या गावागावांत रस्त्याच्या कडेला छोटी दगडी देवळं असतात, त्यांना अल्मिन्यास म्हणतात, त्यात ज्वाळांमध्ये हात जोडून उभे असलेले शुद्धिस्थानातले आत्मे रंगवलेले असतात, येणाऱ्या-जाणाऱ्याने त्यांच्यासाठी प्रार्थना करावी म्हणून. आणि निखारे तर प्रत्येक घराच्या चुलीत. म्हणजे जे दिसलं त्याचे रंग, आकार, सामान हे सगळं त्या मुलांच्या आयुष्यात आधीपासून होतं.

हे फक्त तिथलंच आहे का? अजिबात नाही. आपल्याकडे जत्रेत ते चित्र मिळायचं ना, यमराज, चित्रगुप्ताची वही, आणि तेलाच्या कढईत पापी माणसं तळतायत, ते बघून वाढलेल्या मुलाला नरक दिसला तर कढई दिसेल, अल्मिन्यास दिसणार नाहीत. बेंगळुरूच्या सतवंत पसरिचा आणि अमेरिकेतले इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ मध्ये भारतातल्या अशा लोकांवर अभ्यास छापला जे मरणाच्या दारातून परत आले. त्यातली बरीच माणसं सांगत होती की यमदूत घेऊन गेले, तिथे वही बघितली, आणि चुकीचा माणूस आणलाय म्हणून परत पाठवलं. अमेरिकेतली माणसं असलं काही सांगत नाहीत, त्यांना प्रकाश दिसतो, गेलेले नातेवाईक भेटतात. ऑफिसातल्या चुकीने परत पाठवणं हे आपल्याकडचंच.

मग याचा अर्थ मुलांनी मनाने रचलं असा होतो का? खूप लोक इथे येऊन थांबतात, एकतर सगळं जसंच्या तसं खरं नाहीतर सगळं खोटं. चर्चने स्वतः यावर काय म्हटलंय ते मराठीत फारसं कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नरकाचं दर्शन हा फातिमाच्या गुपिताचा पहिला भाग; २६ जून २००० ला व्हॅटिकनने त्याचा तिसरा भाग प्रसिद्ध केला, त्याबरोबर कार्डिनल योसेफ रात्झिंगर यांचं स्पष्टीकरण होतं, जे नंतर पोप बेनेडिक्ट झाले. ते म्हणतात बघण्याचे तीन प्रकार असतात. एक डोळ्यांनी, बाहेरचं, जसं आपण झाड बघतो. दुसरं आतलं बघणं, जे दिसतं ते मनाच्या पडद्यावर येतं पण माणसाला आतून खरोखर कशाचा तरी स्पर्श झालेला असतो. तिसरं म्हणजे चित्राशिवाय, नुसतं बुद्धीला उमगणं. फातिमाचं दर्शन त्यांनी दुसऱ्या प्रकारात टाकलं. नरक त्या माळावर झाडासारखा किंवा घरासारखा उभा नव्हता, तिथे दुसरा माणूस असता तर त्याला जमीन फाटलेली दिसली नसती. आणि आतलं बघणं असलं की बघणाऱ्याची भाषा, वय, त्याला माहीत असलेली चित्रं ही सगळी त्यात मिसळणारच, म्हणून अशी दर्शनं म्हणजे परलोकाचे फोटो नव्हेत. गुपिताच्या शेवटच्या भागातली काही चित्रं लुसियाने भक्तीच्या पुस्तकांत बघितलेली असू शकतात असंही त्यांनी सरळ लिहिलं. लहान मुलांनाच असं का दिसतं यावर त्यांचं म्हणणं असं की मुलांचं मन अजून फार ढवळलेलं नसतं, आत बघायची शक्ती शाबूत असते.

हा दुसरा प्रकार समजायला आपल्या जवळचंच उदाहरण आहे. पुणे जिल्ह्यात केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, तिथे १९०५ च्या जूनमध्ये मुलींमध्ये मोठी आध्यात्मिक जागृती झाली, रडणं, पापांची कबुली, रात्ररात्र प्रार्थना. त्यावेळची सांगितली जाणारी गोष्ट अशी की एका मुलीच्या अंगाला आग लागलेली दुसरीला दिसली, ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, ओतणार एवढ्यात कळलं की काही जळत नाहीये. पाणी आणायला धावणं खरं होतं, जळणं मात्र बाहेर कुठे नव्हतं. मुक्ती मिशन प्रॉटेस्टंटांचं, आणि प्रॉटेस्टंट लोक मरियेची दर्शनं मानत नाहीत, पण योएल संदेष्ट्याचं वचन त्यांच्या आणि आम्हा कॅथलिकांच्या, दोघांच्याही बायबलमध्ये आहे, तुमच्या तरुणांना दृष्टान्त होतील असं. दृष्टान्त हा आपल्या पवित्र शास्त्रातला शब्दही मला फार बरोबर वाटतो. देवाने रात्री दृष्टांत दिला असं आपल्याकडे गावोगावी म्हणतात आणि तोच शब्द आपण उदाहरणासाठी पण वापरतो, म्हणजे समजावं म्हणून दाखवलेलं काहीतरी.

तर मग श्रद्धा म्हणून नक्की काय मानायचं? कॅथलिक शिकवणीत अशा दर्शनांना खासगी प्रकटीकरण म्हणतात, ती मानलीच पाहिजेत असं बंधन कोणावरही नाही. फातिमा ज्या धर्मप्रांतात येतं त्या लेइरियाच्या बिशपांनी १९३० मध्ये ही दर्शनं विश्वास ठेवण्याजोगी आहेत असं जाहीर केलं, म्हणजे विश्वास ठेवायला हरकत नाही. आणि स्वर्ग-नरकाबद्दल पोप जॉन पॉल दुसरे १९९९ च्या जुलैमध्ये लागोपाठ दोन बुधवारी बोलले, स्वर्ग म्हणजे ढगांमधली जागा नव्हे, देवाशी जिवंत नातं, आणि नरक म्हणजे जागेपेक्षा अशी अवस्था की माणूस स्वतःच्या मर्जीने देवापासून कायमचा तुटतो. आता हे सात वर्षांच्या मुलाला सांगा बघू. नातं तुटणं म्हणजे काय हे त्याला कसं कळणार? त्याला कळेल ते आईचा हात गर्दीत सुटणं, अंधार, भाजणं. त्यामुळे मुलाच्या मनात नरक आला तर तो आगीसारखाच येणार, त्याच्याकडे दुखण्याचे तेवढेच शब्द आहेत.

नरक हा शब्दही बघा. येशू शुभवर्तमानात बऱ्याच ठिकाणी जो शब्द वापरतो तो गेहेन्ना, आपल्या मराठी बायबलात तिथे नरक आहे. गेहेन्ना म्हणजे यरुशलेमच्या बाजूची हिन्नोमची दरी, खरीखुरी जागा. जुन्या करारात लिहिलंय की तिथे लोक आपल्या मुलामुलींना आगीत होम म्हणून देत. आणि यिर्मया संदेष्ट्याच्या तोंडून देव म्हणतो की मी असं करायची आज्ञा दिली नव्हती, ते माझ्या मनातही आलं नव्हतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले. नरकाला जे नाव पडलं ते मुलांना जाळण्याच्या जागेवरून, आणि आपण तोच नरक मुलांना घाबरवायला वापरतो, जेवली नाहीस तर, खोटं बोललास तर.

मुलाने काय बघितलं हे आपल्याला कधीच पुरतं कळणार नाही, पण त्याने सांगितल्यावर मोठी माणसं काय करतात हे दिसतं, आणि तिथे इतिहास फार वाईट आहे.

फातिमामध्येच बघा. लुसियाच्या आईला वाटलं पोरगी खोटं बोलते, तिने झाडूच्या दांड्याने मारलं, फादरकडे ओढत नेलं, कबूल कर म्हणाली. १३ ऑगस्टला तालुक्याच्या प्रशासकाने तिघांना दर्शनाच्या जागी न जाऊ देता उचलून ओरेंला नेलं, आणि लुसियाच्या आठवणींप्रमाणे गुपित सांगा नाहीतर उकळत्या तेलात टाकतो म्हणून धमकावलं, एकेकाला वेगळं करून. प्रल्हादाची गोष्ट ऐकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. तिघांनी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या बाजूला भाविकांची झुंबड, घरात शिरून तेच तेच प्रश्न, आमच्यासाठी हे माग, ते माग. मार खाण्यापेक्षा ते जास्त दमवणारं असावं असं मला वाटतं.

सारखं विचारत राहण्याने काय होतं यावर अमेरिकेत स्टीफन सेसी आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग आहे, १९९४ मध्ये छापलेला. बालवाडीच्या वयाच्या मुलांना आठवड्या-आठवड्याने विचारत राहिले की तुझं बोट कधी उंदराच्या सापळ्यात अडकलं होतं का, दवाखान्यात जावं लागलं होतं का, असं काही झालेलंच नव्हतं. दहा आठवड्यांनी अर्ध्याहून जास्त मुलं अशा न घडलेल्या निदान एका तरी प्रसंगाची तपशीलवार हकिगत सांगायला लागली, कोण होतं, कसं काढलं, सगळं. ती खोटं बोलत नव्हती. विचारता विचारता चित्र तयार झालं आणि कल्पना केलेलं कुठलं, झालेलं कुठलं हे वेगळं करणं त्या वयात जमत नाही.

२००४ मध्ये अमेरिकेत ओहायोत एका सहा वर्षांच्या मुलाला गाडीचा भयंकर अपघात झाला, तो कोमात गेला, परत आला तो कायमचा अपंग होऊन, आणि आपण स्वर्गात जाऊन आलो असं तो सांगतो म्हणून २०१० मध्ये त्यावर पुस्तक आलं, प्रचंड खपलं. २०१५ च्या जानेवारीत त्याने स्वतः जाहीर पत्र लिहिलं की मी मेलो नव्हतो, स्वर्गात गेलो नव्हतो, लक्ष मिळेल असं वाटलं म्हणून तसं म्हणालो. प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं. लोक त्या मुलावर चिडले. मला त्याच्यावर चिडताच येत नाही, सहा वर्षांचा जीव, हलता येत नाही, आणि एक गोष्ट सांगितली की सगळ्यांचे चेहरे उजळतात, तुम्ही काय केलं असतं?

आणि याहून काळं म्हणजे स्वीडन, १६६८ ते १६७६. तिथे मुलं सांगायला लागली की चेटकिणी आम्हाला रात्री ब्लोकुल्ला नावाच्या ठिकाणी सैतानाच्या मेजवानीला नेतात. काही मुलं हेही सांगत की त्याच्याच बाजूला एक पांढरी खोली असते, तिथे देवदूत असतात, ते आम्हाला सावध करतात. म्हणजे नरक आणि स्वर्ग शेजारी-शेजारी. एका मुलाला दिसलं की गावभर दिसायला लागलं. आणि मोठ्यांनी काय केलं, तर ते कोर्टात पुरावा म्हणून घेतलं. एकट्या तोरसोकर भागात १६७५ मध्ये ७१ जणांना मारलं, त्यात ६५ बायका, चर्चच्या दारात पोरं उभी करून कोणाच्या कपाळावर खूण दिसते ते सांगा म्हणून. शेवटी १६७६ मध्ये स्टॉकहोमला काही मुलांनी कबूल केलं की आम्ही रचून सांगितलं, तेव्हा ते थांबलं. त्या ७१ जणांत त्या मुलांच्या ओळखीपाळखीच्या, कदाचित घरातल्या बायका असतील. ती पोरं मोठी झाल्यावर काय घेऊन जगली असतील याचा विचार केला की झोप येत नाही.

या सगळ्यापुढे फातिमाची तीन मुलं मला वेगळी वाटतात ती त्यांना काय दिसलं त्यामुळे तेवढी नाही, त्यांनी पुढे त्याचं काय केलं त्यामुळे. तोरसोकरची मुलं दुसऱ्याकडे बोट दाखवत होती. ही तिघं आपला जेवणाचा डबा गरीब मुलांना द्यायची, पाप्यांसाठी म्हणून. कोणालाही नरकात बघितलं असं नाव घेऊन त्यांनी सांगितलं नाही. आणि एकच दर्शन असून दोघा भावंडांवर वेगवेगळा परिणाम झाला. जसिंताच्या मनात नरक बसला, तिथे कोणी जाऊ नये म्हणून तिची तडफड. फ्रान्सिस्कोला त्या स्त्रीच्या हातातून आलेला प्रकाश जास्त आठवायचा, ज्यात आपण देवाच्या आत आहोत असं वाटलं होतं, आणि त्याला एकच काळजी की देव दुःखी आहे. तो शाळेत जायचं सोडून चर्चमध्ये बसून राहायचा, देवाला सोबत म्हणून. त्यांना स्वर्ग असा दिसला, सोन्याचे रस्ते वगैरे काही नाही, नुसता उजेड.

पण जसिंताबद्दल मला मनातलं बोलायचंय, आणि संतांबद्दल असं बोललेलं आमच्या आईला आवडणार नाही. ती कमरेला दोर बांधायची, दुखावं म्हणून. उन्हाळ्यात पाणी प्यायची नाही. दोर रात्री बांधू नका असं त्या स्त्रीनेच सप्टेंबरच्या दर्शनात सांगितलं, ते वाचून मला बरं वाटलं, कोणीतरी तरी सांगितलं. १९१८ ला फ्लूची साथ आली. फ्रान्सिस्को ४ एप्रिल १९१९ ला घरी गेला. जसिंताला लिस्बनच्या हॉस्पिटलमध्ये नेलं, दोन बरगड्या काढल्या, पूर्ण भूल देता येत नव्हती, आणि २० फेब्रुवारी १९२० च्या रात्री ती एकटीच गेली, दहा वर्षंही पूर्ण नव्हती. दोघांना १३ मे २०१७ ला पोप फ्रान्सिस यांनी संत घोषित केलं. लुसिया मात्र सत्त्याण्णव वर्षांची होऊन २००५ मध्ये गेली, एवढी वर्षं ती एकटीच उरली होती.

माझा विश्वास आहे की जसिंता स्वर्गात आहे. तरीही तिच्या वेळी तिथे असते तर मी तिच्या कमरेचा दोर सोडला असता आणि तिला पाणी पाजलं असतं.

त्या रोझरीनंतर दुसऱ्या दिवशी मी भाचीला सांगितलं, हो, तीन मुलांनी बघितली आग, तुझ्यासारखी लहान होती, घाबरली पण खूप, आणि मग त्यांनी ठरवलं की कोणीच तिथे जाऊ नये म्हणून आपण देवाला सांगू या. ती म्हणाली, "आणि त्यांना कोणी जवळ घेतलं?" मी म्हटलं, लुसियाच्या आईने नंतर घेतलं असेल, मला माहीत नाही. ती थोडा वेळ गप्प. मग वही आणून स्वर्ग काढायला बसली. त्यात आमची केळीची वाडी होती, विहीर होती, आणि वारलेले नाना सायकलवर. मला खूप विचारावंसं वाटलं, नाना दिसले का तुला, कधी दिसले, काय म्हणाले. मी फक्त "मग?" एवढंच म्हटलं आणि ती अर्धा तास सांगत बसली की तिथल्या विहिरीला कठडा नाही, कारण तिथे कोणी पडत नाही.